एका पिशवीत मावेल एवढं बायबल

४ सप्टेंबर

कामाची नोंदवही वेगळी आहे. तीत पानं किती झाली आणि चुका किती निघाल्या एवढंच लिहिते. ही वही माझी. मॅडमच्या हाती पडली तर पंचाईत व्हायची, कारण सुरुवात त्यांच्यापासूनच आहे.

आज सकाळी मॅडमनी माझ्या टेबलावर एक छापील बायबल ठेवलं आणि म्हणाल्या, "याचं ब्रेल करायचंय. पण सगळं नाही." सगळं केलं तर तीस-पस्तीस खंड होतात, म्हणजे एक अख्खं कपाट. आमचं वाचनालय ही एकच खोली, त्यातली एक भिंत शरीरशास्त्रानं अडवलेली. (मालिश शिकणाऱ्यांसाठी. तेही मीच केलं. पाठीचे मणके मला अजून पाठ आहेत.) वाचक कधीपासून बायबल मागतायत. तेव्हा मॅडमनी तोडगा काढला: पिशवीत घालून घरी नेता येईल असा एकच खंड, दोनशे पानांचा. त्यात फक्त रोज उपयोगी पडणारा उपदेश. "लढाया नकोत, राजे नकोत, कोण कोणाचा मुलगा ते नको, धर्मशास्त्राचा काथ्याकूट नको. माणसानं कसं वागावं तेवढं काढा."

मी म्हटलं, मी तर कधी उघडलेलंही नाही हे पुस्तक. मॅडम म्हणाल्या, "तेच बरं. तुमचा हात अडखळणार नाही."

७ सप्टेंबर

हात खरंच अडखळत नाही. पेन्सिलीनं कंस करत जाते. कंसात ते राहणार, बाहेरचं गळणार. वंशावळ आली की चार पानं एका दमात उलटते. पुस्तकाच्या शेवटाकडे सुरुवातीच्या चर्चना लिहिलेली पत्रं बरीच आहेत, आणि पत्रांचा पहिला अर्धा भाग नुसता देवाच्या योजनेबद्दल. उपदेश सगळा मागच्या अर्ध्यात. हे एकदा कळल्यावर काम फार सोपं झालं. सरळ मागून वाचायचं.

एक कटकट आहे. कामाची बरीच वाक्यं "म्हणून" नं सुरू होतात. नाहीतर शेवटी "कारण" असं शेपूट असतं. सुट्या वाक्याला हे शोभत नाही. मी भाजीची देठं खुडावीत तशी दोन्ही टोकं खुडते आणि मधलं घेते. चार दिवसांत तीनशे वाक्यं.

धाकट्या बहिणीचं पत्र आलंय. सहा महिन्यांतलं तिसरं. ऑक्टोबरात येते म्हणतेय, आईच्या खोलीत दोन दिवस राहते म्हणतेय. आईच्या शेवटच्या वेळी जी आली नाही तिला आता दोन वर्षांनी खोली आठवली. मी फोन केला होता. सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे मी फोन केला होता.

पत्र फ्रीजवर ठेवलंय. उत्तर लिहायला वेळ नाही.

११ सप्टेंबर

आज मास्तरांबरोबर पहिली तपासणी. मास्तर आमचे ब्रेलतपासनीस. जन्मापासून दिसत नाही, वय अडुसष्ट, तीस वर्षं हेच काम. पद्धत अशी: मी यंत्राच्या सहा कळांवर ठिपके उठवलेलं पान त्यांच्यापुढे ठेवायचं, त्यांनी बोटांनी मोठ्यानं वाचायचं आणि मी छापील प्रत हातात धरून ताडून बघायचं. चूक निघाली की लाकडी काडीनं ठिपका दाबायचा. मास्तरांची बोटं पाण्यावरून फिरल्यासारखी फिरतात.

आज ती तिसऱ्या ओळीवरच थांबली.

"बाई, या वाक्याला डोकं नाही."

"काय चुकलं? ठिपका?"

"ठिपके उत्तम आहेत. डोकं नाही. हे पत्र लिहिणारा माणूस 'म्हणून' म्हणाला होता. तुम्ही 'म्हणून' खाल्लात."

मी म्हटलं, सुटं वाक्य 'म्हणून' नं कसं सुरू करणार? वाचणारा विचारेल, म्हणून म्हणजे कशामुळे?

"विचारू दे की," मास्तर म्हणाले. "त्यानं विचारावं म्हणूनच तो शब्द तिथे आहे."

मास्तर चर्चला जाणाऱ्यांतले आहेत हे माहीत होतं. लहानपणी त्यांची आत्या त्यांना बायबल मोठ्यानं वाचून दाखवायची; बरंचसं तोंडपाठ आहे. पण उपदेश करत नाहीत. खोड्या काढतात. दहा पानं झाल्यावर म्हणाले, "दवाखान्याच्या भिंतींवर सूचना लावतात म्हणे. मी पाहिल्या नाहीत, पण अशाच असणार. शांतता राखा. रांगेत उभे राहा. लबाडी करू नका."

मी दिवसभर फुगून होते.

१५ सप्टेंबर

फुगा फुटला. मास्तर चुकतायत हे दाखवायला मी काल घरी बायबल घेऊन बसले आणि दहा आज्ञांपासून सुरुवात केली. आज्ञांना तरी डोकं-शेपूट नसणार. खून करू नको, चोरी करू नको: कोणाला कारण सांगावं लागतं?

तर पहिल्या आज्ञेच्या आधी एक वाक्य आहे. मी ते कंसाबाहेर टाकलं होतं, इतिहास म्हणून. देव म्हणतो, मिसर देशातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून तुम्हाला बाहेर काढलं तो मी. आज्ञा त्यानंतर सुरू होतात. म्हणजे आधी सोडवलं आणि मग वागायचं कसं ते सांगितलं. मी उलटं समजत होते, की नीट वागाल तर सोडवीन.

मग मला नादच लागला. आठवड्यातून एक दिवस विसावा घ्या. हे मी आरोग्याचा नियम म्हणून घेतलं होतं. पूर्ण वाचलं तर त्यात तुमचा नोकर आहे, मोलकरीण आहे, बैलसुद्धा आहे. त्यांनाही थांबू द्या, कारण तुम्हीही गुलाम होता आणि तुम्हाला कोणी थांबू देत नव्हतं. परक्या माणसाला छळू नका, कारण परकेपणा कसा असतो ते तुम्ही भोगलंय. इतिहास काढला की 'परक्याशी चांगलं वागा' एवढंच उरतं. त्याला कोण नाही म्हणतो? आणि कोण ऐकतो?

मी मानणाऱ्यांतली नाही. हे आज मास्तरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मानू नका. पण त्यानं मानूनच लिहिलंय ना? त्याच्या तोंडून तुमचं वाक्य बोलवू नका, एवढंच माझं म्हणणं."

रीतसर टोला होता. लागला.

१९ सप्टेंबर

आज वाईट दिवस.

शिंपीणबाई आमच्याकडे आठ महिन्यांपासून येतात. पंचेचाळिशीच्या. मोठ्या दुकानात कोट शिवायच्या, हाताखाली चार बायका होत्या. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं वर्षभरात दोन्ही डोळे गेले. बोटं शिवणाऱ्याची, त्यामुळे ब्रेल भराभर आलं. पण वाचायला काही द्यावं तर म्हणतात, "कशाला? दिसायला लागलं की साधंच वाचीन." डॉक्टरांनी आशा नाही म्हणून स्पष्ट सांगितलंय. कोणीतरी ओळखीचा मात्र त्यांना दर आठवड्याला सांगतो, की अमुक शहरात नवं औषध निघालंय, वर्ष-दोन वर्षांत सगळं पहिल्यासारखं होईल. म्हणून त्यांनी शिवणयंत्र झाकून ठेवलंय, काठी हातात धरत नाहीत आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, नव्या खंडातली दोन पानं त्यांना देऊन बघा, वाचकाचं मत कळेल. मी नेमकं 'घरसंसार' नावाचं पान दिलं. त्यात माझं आवडतं वाक्य होतं: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा.

त्यांची बोटं ओळीवरून एकदा गेली. परत आली. मग त्यांनी पान माझ्याकडे ढकललं.

"हे कोणाला सांगितलंय हो? ज्यांचं सगळं धड आहे त्यांना?"

मी म्हटलं, "सगळ्यांनाच. चांगला सल्ला आहे."

"सल्ला," त्या म्हणाल्या. "मला भेटतो तो प्रत्येक जण सल्लाच देतो."

उठल्या, टेबलाचा कोपरा लागला, आणि भिंतीला हात लावत बाहेर गेल्या. मी पान उचलून परत वाचलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला खरंच माहीत नव्हतं. कोणाला सांगितलंय ते?

२० सप्टेंबर

मास्तर येण्याआधीच मी येऊन बसले होते. ते टोपी काढताहेत तोवर मी विचारलं, "घरं बांधा, बागा लावा, हे कोण कोणाला म्हणालं?"

मास्तरांनी टोपी तशीच हातात धरली. "तुम्ही ते घरसंसारात घातलंत?" आणि इतके हसले की शेजारच्या खोलीतून मॅडम डोकावल्या.

ते पत्र आहे. कैद्यांना पाठवलेलं. शत्रूनं राजधानीतली माणसं, कारागीर, लोहार, सगळे धरून दूर बाबेलला, म्हणजे बॅबिलॉनला, नेले होते. तिथे काही जण त्यांना सांगत होते, सामान सोडू नका, दोन वर्षांत घरी जायचंय. मागे राहिलेल्या एका संदेष्ट्यानं त्यांना लिहिलं: हे लोक खोटं सांगतायत. सत्तर वर्षं लागतील. तुमच्यातले बहुतेक तिथेच मरतील. तेव्हा घरं बांधा. बागा लावा. लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. देव तिथेही आहे आणि तुम्हाला विसरलेला नाही.

मी ते सगळं पान खुर्चीच्या टोकावर बसून वाचलं. बाग लावण्याचा असा अर्थ मला कधी सुचला नसता. फळ धरायला वर्षं लागतात. झाड लावायचं म्हणजे आपण इथेच आहोत हे कबूल करायचं.

मास्तर म्हणाले, "आणि ते शेवटचं गाळू नका. देव विसरलेला नाही, हे. त्याला तुमच्या मॅडम काथ्याकूट म्हणतील. पण तेवढं काढलंत तर उरतं काय? 'सत्तर वर्षं लागतील, गप बसा.'"

दुपारी बसून पूर्ण पत्र आणि त्याआधीची हकीकत यंत्रावर घेतली. नऊ पानं झाली. आधी एक ओळ होती.

२४ सप्टेंबर

शिंपीणबाई यायला तयार नव्हत्या. मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली, आणि सांगितलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणलंय. पानं मांडीवर ठेवली आणि गप्प बसले. हे मला जमत नाही, पण बसले.

त्या हळू वाचत होत्या. 'दोन वर्षांत' या शब्दावर बोट थांबलं. पुढे गेल्या. 'सत्तर' वर पुन्हा थांबल्या. तो आकडा तीनदा चाचपला, ठिपका चुकलाय की काय असं बघितल्यासारखा.

"सत्तर? म्हणजे हे गेलेच नाहीत परत?"

"नातवंडं गेली असतील."

"आणि त्यांना हे आधीच सांगितलं?"

"हो."

पानं एकावर एक नीट जुळवली. मग जरा रागानंच म्हणाल्या, "निदान खरं सांगितलं कुणीतरी."

पानं ठेवून घेतली. मी निघताना दारापर्यंत आल्या, एकट्या. शिवणयंत्रावरचं कापड तसंच होतं. काठीही कोपऱ्यात होती तिथेच. जाताना मी दोन्हींकडे बघून घेतलं.

२७ सप्टेंबर

मॅडमसमोर उभी राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, चारशे वाक्यांचा खंड होणार नाही. कमी घेऊ पण पूर्ण घेऊ. ते कैद्यांचं पत्र, मागचापुढचा इतिहास धरून. दहा आज्ञा, सोडवल्याच्या हकीकतीसकट. येशूच्या गोष्टींतल्या काही, पण त्या कोणासमोर आणि कोणत्या भांडणात सांगितल्या त्यासकट. आणि एक पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सिद्धान्तासकट.

"मी उपयोगाचं पुस्तक सांगितलं होतं."

"मीही तेच म्हणतेय."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरी, सिद्धान्त वाचून कोणी सुधारलंय का?" पोरी म्हणजे मी, बावन्न वर्षांची. शिंपीणबाईंचं सांगितलं. ते त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "दोनशे पानं. दोनशे एक झालं तर परत चारशे वाक्यांवर येऊ."

मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, मॅडमचा प्रश्न चांगला आहे, तो विसरू नका. कोणाच्या बाजूचे आहेत कळत नाही.

३ ऑक्टोबर

पूर्ण घेतलेल्या पत्राची तपासणी चालू आहे. पहिला अर्धा भाग मी आधी वाचलाच नव्हता. अवघड आहे; एकेक वाक्य अर्धं पान खातं. पण त्यात असं वागा, तसं वागा असा एकसुद्धा हुकूम नाही. नुसतं सांगितलंय, की तुम्ही दूर होता, तुम्हाला जवळ आणलं. दोन गटांमध्ये भिंत होती, ती पाडली. तुम्ही काही करण्याआधीच हे झालं. मग चौथ्या अध्यायाच्या तोंडाशी तो 'म्हणून' येतो, आणि तिथून पुढे कसं वागायचं ते.

आज एक वाक्य आलं जे माझ्या जुन्या यादीत सातव्या क्रमांकावर होतं. 'एकमेकांशी खरं बोला.' यादीत एवढंच होतं. आता शेपटासकट आलं: कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत.

मास्तरांनी वाचलं आणि बोट तिथेच ठेवलं. "हे शेपूट का काढलं होतंत?"

"सिद्धान्त वाटला."

"आहेच. हाताला लागलं ते डोळ्यापासून लपवून हाताचं काय भलं होणार? तो तसं म्हणतोय. खोटं बोलून आपण स्वतःचाच एक तुकडा तोडतो."

मग सहज विचारलं, "तुमची धाकटी बहीण येणार होती ना? कळवलंत का काही?"

मी म्हटलं, कामं पडलीत. पुढचं पान लावलं. नंतरच्या दोन पानांवर माझ्याच हातून सात चुका निघाल्या. मशीनचं काहीतरी बिघडलं असावं.

५ ऑक्टोबर

मशीन ठीक आहे. दुरुस्तीवाला बघून गेला.

आज सुट्टी. सकाळपासून घर आवरलं, आईची खोलीसुद्धा. मग धाकटीला पत्र लिहायला बसले. 'तू आईच्या वेळी आली नाहीस' इथून सुरुवात केली आणि पेन थांबलं. या वाक्याच्या आधी काय होतं, असं कोणी विचारल्यासारखं झालं. कोणी नव्हतं. मीच.

आधी काय होतं ते लिहून काढते. या वहीत तरी.

सोमवारी डॉक्टर मला म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. मी धाकटीला फोन केला. ती म्हणाली, मी आजच निघते. मी म्हटलं, घाई नको, डॉक्टर महिनाभर म्हणतायत, तू तुझी परीक्षेची कामं आटपून ये. (ती शाळेत शिकवते.) आई बुधवारी पहाटे गेली.

सात वर्षं आईचं सगळं मी केलं. आणि आई शेवटच्या महिन्यात मला धाकटीच्या नावानं हाक मारायची. मला ते शेवटचे दोन दिवस एकटीला हवे होते. धाकटी आली असती तर आई तिच्याकडेच बघत राहिली असती.

नातेवाईक म्हणाले, फोन करूनही आली नाही. मी म्हटलं, हो, फोन केला होता. ते खोटं नव्हतं. नुसतं देठ खुडलेलं होतं.

धाकटीला एका ओळीचं पत्र टाकलं: ये.

१२ ऑक्टोबर

धाकटी आली. केस निम्मे पांढरे. मला वाटलं होतं मी चहा झाल्यावर सांगीन, मग जेवण झाल्यावर सांगीन. पण तिनं दारात पिशवी ठेवली आणि मी तिथेच बोलून टाकलं. पहिल्यापासून. सोमवार, डॉक्टर, दोन दिवस, महिना, आईची हाक. काही सावरलं नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला माहीत आहे, ताई."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले होते. महिना म्हणाला होतात ना, म्हणून भांडायला. त्यांनी सोमवारचा कागद काढून दाखवला. दोन-तीन दिवस."

"दोन वर्षं तुला माहीत होतं?"

"दीड वर्ष तुझं तोंड बघायचं नाही असं होतं. मग पत्र टाकलं."

"पण मी तर काहीच कबूल केलं नव्हतं. मग पत्र कशाच्या जोरावर टाकलंस?"

"कशाच्याच नाही. तुला सोडायचं नाही हे आधी माझं ठरलं, मग पत्र टाकलं." पायातल्या चपला काढत म्हणाली, "आई कोणत्या बाजूला डोकं करून झोपायची शेवटी?"

मी दाखवलं. ती तिथे बसली आणि पहिल्यांदा रडली, चांगली मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी. मी काय करावं ते न सुचून खिडकीचे पडदे ओढले, परत उघडले.

१३ ऑक्टोबर

दुपार. जेवणं झाली. धाकटी म्हणाली, जरा पडते, पलीकडे सरक. आईचा पलंग एकाच माणसाचा आहे, दोघी कशाबशा मावलो. शेवटच्या दोन दिवसांत आई काय काय बोलली ते सगळं सांग म्हणाली. सांगत होते. आईनं तिच्याबद्दल विचारलं होतं, तेही सांगितलं, सातदा का आठदा. मी मोजलं होतं, हेसुद्धा.

तिला मध्येच झोप लागली. रागावलेली आहे अजून, झोपेतही कपाळाला आठी आहे. सकाळी चहात साखर कमी म्हणून फडकन बोलली. डिसेंबरात येते म्हणालीय.

तिचं 'आधी ठरलं' ते कसं, हे मला कळलेलं नाही. उद्या मास्तरांना विचारावं का? नको. तिलाच विचारीन, उठली की. माझा डावा हात तिच्या मानेखाली अडकून पार बधिर झालाय. काढला तर ती जागी होईल. वही गुडघ्यावर टेकवून उजव्यानं लिहितेय, अक्षर फार वाईट येतंय.